ऐकणारे घर

मुले वाचत नाहीत, ही तक्रार आता आपल्या अंगवळणी पडली आहे. परिसंवादांत ती असते, ग्रंथालयांच्या वार्षिक सभांत असते, दिवाळी अंकांच्या संपादकीयांत तर असतेच. तक्रारीपाठोपाठ येणारे उपायही ठरून गेले आहेत. घरात पुस्तके असावीत, वाढदिवसाला खेळण्याऐवजी पुस्तक द्यावे, मुलांनी पाहून शिकावे म्हणून आईवडिलांनी स्वतः वाचावे, मोबाइल दूर ठेवावा. यांतला एकही उपाय चुकीचा नाही. पण ते सगळे एकत्र मांडले की त्यांतून एका विशिष्ट घराचे चित्र तयार होते. त्या घरात आई आणि वडील दोघेही शिकलेले आहेत, पुस्तकांसाठी बाजूला काढता येईल असा पैसा आहे, भिंतीला कपाट आहे, आणि वाचन ही ज्याने त्याने आपापल्या कोपऱ्यात बसून मुकाट्याने करायची गोष्ट आहे. ज्यांचे घर असे नाही, त्यांना या उपायांतून एवढेच ऐकू येते की हे आपल्याला जमण्यासारखे नाही.

महाराष्ट्रातल्या वाचत्या-लिहित्या माणसांनी आपल्या बालपणाविषयी आणि आपल्या वाचनाविषयी जे सांगून ठेवले आहे, ते या दृष्टीने पाहिले तर वेगळीच घरे समोर येतात. त्यांतल्या बहुतेक घरांत पुस्तके मोजकी आहेत, काही घरांत मुळीच नाहीत. वाचन मात्र मोठ्याने चालते. आणि आजच्या सल्ल्याच्या नेमके उलट असे काही तेथे वारंवार घडते : मोठे वाचून दाखवतात आणि मूल ऐकते असे नव्हे, तर मूल वाचते आणि मोठे ऐकतात.

या लेखात अशी काही घरे पाहायची आहेत. माझे म्हणणे आधीच सांगून टाकतो. पालकांनी मुलासाठी कोणते पुस्तक निवडले याला आपण फार महत्त्व देतो. त्या पुस्तकाचे वाचन घरात कोणी ऐकले का, आणि वाचताना मुलाच्या मनात जो प्रश्न उठला त्याला घरात जागा मिळाली का, हे त्याहून मोठे प्रश्न आहेत.

१

पहिले घर पंडिता रमाबाईंचे. अनंतशास्त्री डोंगरे यांनी आपल्या लहान वयाच्या पत्नीला, लक्ष्मीबाईंना, संस्कृत शिकवले. त्यापायी विरोध सोसला आणि गंगामूळच्या रानात बिऱ्हाड केले. तेथे १८५८ साली रमाबाईंचा जन्म झाला. धाकट्या मुलीच्या शिक्षणाची वेळ आली तेव्हा वडील थकले होते, म्हणून तिला शिकवण्याचे काम आईकडे आले. घरकामाने भरलेल्या दिवसात आईला मोकळा वेळ एकच होता, तो पहाटेचा. झोपेतल्या मुलीला उचलून, गोंजारून जागे करायचे, जवळ घ्यायचे आणि पाठ द्यायचा. ‘द हाय-कास्ट हिंदू वूमन’ हे पुस्तक रमाबाईंनी १८८७ साली आईच्या स्मृतीस अर्पण केले आणि तिच्या शिकवणुकीला आपल्या आयुष्यातला प्रकाश म्हटले.

हे चित्र मोहक आहे आणि वाचनसंस्कारावरच्या भाषणांत ते शोभून दिसते. पण रमाबाईंच्याच आठवणींत त्याची दुसरी बाजूही आहे. १९०७ साली लिहिलेल्या आत्मनिवेदनात त्या सांगतात, की त्यांचे कुटुंब पुराणे वाचून उदरनिर्वाह करीत असे. देवळात, घाटावर, जत्रेच्या ठिकाणी नजरेत भरेल अशी जागा पाहायची आणि संस्कृत पुराण मोठ्याने वाचायचे. येणारे-जाणारे थांबत, ऐकत, फुले-फळे-पैसे ठेवून पुढे जात. ऐकणाऱ्यांना अर्थ कळतो की नाही, याची वाचणाऱ्याला चिंता नसे. नुसते कानावर पडल्यानेच पुण्य लागते अशी समजूत होती. रमाबाई हे लिहितात तेव्हा त्यांच्या लेखणीला धार आहे. ज्या वाचनात प्रश्नाला वाव नाही, ते वाचन त्यांना पुढे पोकळ वाटले.

एकाच मुलीने ही दोन्ही वाचने अनुभवली. दोन्हींत ग्रंथ पवित्र होते, भाषा संस्कृत होती, आवाजही मोठा होता. फरक ऐकणाऱ्यात होता. पहाटे ऐकणारी व्यक्ती मुलीकडे पाहत होती. घाटावर ऐकणाऱ्याचे लक्ष पुण्याकडे होते. तेव्हा ‘मोठ्याने वाचा’ एवढे सांगून भागत नाही. ऐकणारा कोण आहे आणि तो कशासाठी ऐकतो आहे, हेही पाहावे लागते.

२

संस्कृत पुराणाचे हे सार्वजनिक वाचन मराठी घरांत पोथीच्या रूपाने शिरले होते. अठराव्या शतकाच्या आरंभीच्या दोन दशकांत श्रीधरांनी ‘हरिविजय’, ‘रामविजय’, ‘पांडवप्रताप’, ‘शिवलीलामृत’ हे ग्रंथ रचले, आणि पुढे दोन शतके श्रावणातल्या संध्याकाळी ते घरोघर वाचले गेले. ओवी मुळातच आवाजासाठी असते. डोळ्यांनी भरभर वाचली तर ती लांबण लावते, आणि मोठ्याने वाचली तर पुढे ओढून नेते. घरात एकाला वाचता आले तरी दहाजणांची सोय होई. हा वाचणारा पुष्कळदा घरातला शाळेत जाणारा मुलगा असे, कारण अनेक घरांत अक्षरओळख असलेला तोच पहिला. त्याच्या शाळेचा घराला झालेला पहिला प्रत्यक्ष उपयोग म्हणजे पोथीवाचन.

या प्रथेचे सर्वांत बोलके वर्णन डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी केले आहे. ‘द बुद्ध अँड हिज धम्म’ हा ग्रंथ त्यांच्या निधनानंतर १९५७ साली प्रसिद्ध झाला. त्यासाठी त्यांनी १९५६ साली लिहिलेली प्रस्तावना पहिल्या आवृत्तीत छापली गेली नाही. ती नंतर उजेडात आली. बुद्धाकडे आपण कसे वळलो हे सांगताना बाबासाहेब तीत सुरुवात करतात ती घरातल्या संध्याकाळपासून. वडील रामजी सकपाळ लष्करात होते, धार्मिक वृत्तीचे होते आणि शिस्तीला कडक होते. रोज निजण्यापूर्वी बाबासाहेबांनी आणि त्यांच्या थोरल्या भावाने महाभारताचा आणि रामायणाचा काही भाग मोठ्याने वाचायचा, असा त्यांचा दंडक होता. ऐकायला बहिणी असत, आणि कथा ऐकण्यासाठी घरी जमणारी इतर माणसेही असत. हे अनेक वर्षे चालले.

या घराविषयी चरित्रकार धनंजय कीर आणखी काही तपशील देतात. मुलाला पुस्तक हवे असले आणि हातात पैसे नसले, तर रामजी लग्न झालेल्या मुलीकडे जात, तिचा दागिना मागून घेत, तो गहाण ठेवून पुस्तक आणत आणि पेन्शन आली की सोडवून देत. परळच्या चाळीतल्या एका खोलीत अभ्यासाला शांतता नव्हती, म्हणून मुलाला लवकर निजवून ते स्वतः रात्री दोनपर्यंत जागत आणि मग त्याला उठवत. हे प्रसंग आपल्याला ठाऊक असतात. आपण ते वडिलांच्या त्यागाची उदाहरणे म्हणून सांगतो आणि तेथेच थांबतो. प्रस्तावनेतला खरा प्रसंग त्यापुढे आहे.

इंग्रजी चौथीची परीक्षा पास झाल्यावर वस्तीतल्या लोकांनी बाबासाहेबांचा सत्कार करायचे ठरवले. वडिलांचा विरोध होता. मुलाच्या डोक्यात हवा जाईल असे त्यांना वाटत होते. वडिलांचे स्नेही कृष्णाजी अर्जुन केळुसकर यांनी मध्यस्थी केली, सभा झाली, आणि सभेच्या शेवटी केळुसकरांनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र मुलाला भेट दिले. (चरित्रग्रंथांत हा सत्कार १९०७ सालच्या मॅट्रिकनंतरचा मानला जातो. बाबासाहेब स्वतः इंग्रजी चौथीचा उल्लेख करतात. सालाचा हा फरक येथे सोडून देता येतो, कारण आपल्याला हवा आहे तो प्रसंगाचा क्रम.) मुलाने ते पुस्तक वाचले आणि त्याला प्रश्न पडला : वडिलांनी आपल्याला बौद्ध वाङ्मयाची ओळख का करून दिली नाही? ज्या ग्रंथांत ब्राह्मण-क्षत्रियांची थोरवी आणि शूद्र-अस्पृश्यांची मानहानी आहे, तेच रोज वाचायचा आग्रह का?

त्याने हे वडिलांना विचारले. वडिलांना प्रश्न आवडला नाही. असले वेडगळ प्रश्न विचारू नयेत, तुम्ही लहान आहात, सांगितले तेवढे करावे, अशा अर्थाचे उत्तर मिळाले. पण मुलाने काही दिवसांनी पुन्हा विचारले, आणि या वेळी वडिलांनी उत्तर दिले. ते म्हणाले की आपण अस्पृश्य आहोत, त्यामुळे मनात न्यूनगंड येणे स्वाभाविक आहे, आणि तो घालवण्यासाठी हे ग्रंथ उपयोगी पडतात. द्रोण पाहा, कर्ण पाहा, लहान स्थितीतून ते कोठवर चढले. वाल्मीकी तर कोळी होता, आणि रामायणाचा कर्ता झाला. वडिलांच्या म्हणण्यात तथ्य आहे हे मुलाला जाणवले, पण समाधान झाले नाही. हे असमाधान बाबासाहेब पन्नास वर्षांनंतरही नोंदवतात.

पालक आणि मुलाचे वाचन या विषयावर याहून नेमका प्रसंग माझ्या वाचनात नाही. रामजींची ग्रंथनिवड मुलाला शेवटपर्यंत पटली नाही. संस्कार करण्याचा त्यांचा हेतू त्या अर्थाने फसला. पण वाचनाच्या बाजूने पाहिले तर हे घर यशस्वी ठरते. वर्षानुवर्षे मोठ्याने वाचल्यामुळे महाभारत मुलाच्या इतके ओळखीचे झाले होते, की दुसरे पुस्तक हातात येताच त्याला दोन्ही शेजारी ठेवून पाहता आले. नुसते ऐकून सोडून दिले असते, तर हा प्रश्न उठला नसता. वडिलांचे पहिले उत्तर कोणत्याही पालकाचे असते. दुसरे उत्तर मात्र मोठे आहे, कारण त्यात ते आपल्या निवडीमागचे कारण उघड करतात. आपली सामाजिक स्थिती, तिची मनाला लागणारी टोचणी, तिच्यावरचा आपल्याला सुचलेला उपाय, हे सगळे ते मुलापुढे मांडतात. आपण काय वाचायला देतो हे सांगणारे पालक पुष्कळ असतात. का देतो हे मुलाला सांगणारे थोडे.

आणखी एक गोष्ट. वळण देणारे पुस्तक या घरात बाहेरून आले. कीर सांगतात की केळुसकर या मुलाला चर्नी रोडच्या बागेत वाचत बसलेला पाहत असत, आणि तेथून ओळख वाढली. सगळी पुस्तके घरानेच पुरवावीत असे नाही. बाहेरून आलेल्या पुस्तकाला घराचे दार उघडे असले म्हणजे झाले. आणि ते पुस्तक वडिलांच्या पुस्तकांविरुद्ध बोलू लागले तरी दार लावून घेता कामा नये.

३

याच्या शेजारी साने गुरुजींची ‘श्यामची आई’ ठेवून पाहावी. १९३३ सालच्या फेब्रुवारीत, नाशिकच्या तुरुंगात, अवघ्या पाच दिवसांत तिचा बहुतेक भाग लिहून झाला, आणि १९३५ साली ती प्रसिद्ध झाली. गेली नव्वद वर्षे मराठी पालकांनी मुलांच्या हाती जाणीवपूर्वक दिलेले हे पुस्तक. त्याची रचना ऐकण्याची आहे : आश्रमात रात्री मंडळी जमतात, श्याम सांगतो आणि बाकीचे ऐकतात. प्रकरणांना ‘रात्र’ म्हटले आहे.

त्यातल्या ‘मोठा होण्यासाठी चोरी’ या रात्रीत पुस्तकाची गोष्ट आहे. मोठे व्हायचे तर पुस्तके वाचली पाहिजेत असे श्यामच्या मनाने घेतले आहे, आणि पुस्तकासाठी तो पैसे चोरतो. प्रकरणाचा भर चोरीच्या कबुलीवर आणि आईच्या दुःखावर आहे, आणि कथेच्या हेतूला धरून ते योग्यही आहे. पण आज ती रात्र पुन्हा वाचताना दुसरीच गोष्ट खुपते. मुलाला पुस्तकाची इतकी भूक लागली आहे की तो चोरी करतो, आणि या भुकेला गरिबीने गांजलेल्या घरात उत्तर नाही. चोरीचा न्याय होतो. भूक जेथल्या तेथे राहते.

यात दोष आईचा नाही, गुरुजींचाही नाही. मला बोलायचे आहे ते आपण या पुस्तकातून उचललेल्या शब्दाविषयी. ‘वाचनसंस्कार’ हा शब्द आपण सहज वापरतो. त्यात वाचन हे मुलाला चांगले बनवण्याचे साधन आहे, हे गृहीत धरलेले असते. मग पालक पुस्तक देतात ते बोधासाठी, आणि वाचून झाल्यावर विचारतात, ‘काय शिकलास?’ हा प्रश्न परीक्षकाचा आहे, श्रोत्याचा नव्हे. आश्रमातली मंडळी श्यामला असे विचारत नाहीत; त्यांना पुढची रात्र हवी असते. ज्या पुस्तकाच्या रचनेतच उत्तम ऐकणारी माणसे बसवलेली आहेत, ते आपण मुलांपुढे नुसत्या बोधासाठी ठेवले.

दरम्यान मुलांसाठी वेगळे छापील साहित्य निर्माण होत होते. १८७३ सालच्या ‘बालबोधमेवा’पासून वा. गो. आपटे यांच्या १९०६ सालच्या ‘आनंद’पर्यंत आणि पुढे बालभारतीने १९७१ साली सुरू केलेल्या ‘किशोर’पर्यंत ही परंपरा चालत आली. तिने मुलाला स्वतःचे पान दिले. मोठ्यांची पोथी वाचण्याच्या कामातून ते सुटले आणि आपल्या वयाची, आपल्या आवडीची गोष्ट एकट्याने वाचू लागले. हा लाभ लहान नाही. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे पोथीसारखा संथ लयीत वाचून चालणारच नाही. पण या लाभाबरोबर एक गोष्ट हळूच निसटली. मुलाचे वाचन घरात ऐकू येईनासे झाले. मूल वाचते की नाही हे कळायला पालकांपाशी प्रगतिपुस्तकाखेरीज काही उरले नाही.

४

पालकांना स्वतःला अक्षर येत नसेल तर त्यांनी काय करावे? वाचनावरचे आपले बहुतेक लेख हा प्रश्न टाळतात. बहिणाबाई चौधरींच्या घरात त्याचे एक उत्तर मिळते.

बहिणाबाईंना लिहिता-वाचता येत नव्हते. त्यांची गाणी त्यांच्या निधनानंतर, १९५२ साली, आचार्य अत्र्यांच्या पुढाकाराने पुस्तकरूपाने आली आणि मराठी कवितेला थक्क करून गेली. ती टिकली कशी, याची हकीकत चिरंजीव सोपानदेव यांनी सांगितली आहे. शाळेच्या पुस्तकातली सावित्री-सत्यवानाची गोष्ट त्यांनी एकदा आईला वाचून दाखवली. दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत आईने त्या गोष्टीवर गाणे रचले होते. तेव्हापासून ते आईची गाणी वहीत उतरवू लागले.

समीक्षेने हा प्रसंग नेहमी बहिणाबाईंच्या प्रतिभेचा दाखला म्हणून वाचला, आणि तो तसा आहेच. पण तो एकदा मुलाच्या बाजूने वाचून पाहावा. शाळेतला एक धडा आहे. गुरुजींनी तो घ्यायला लावला असेल, त्यावर प्रश्न विचारले असतील, शुद्धलेखन घातले असेल. मुलगा तोच धडा घरी चुलीपाशी वाचतो, आणि रात्र सरायच्या आत तो गाणे होऊन त्याच्याकडे परत येतो. आपण वाचलेले कोणाच्या तरी आत पोहोचले, तेथे त्याचे काहीतरी झाले, हे त्याला स्वतःच्या कानांनी ऐकायला मिळते. वाचन कशासाठी करायचे याचे याहून चांगले उत्तर कोणत्या पालकाने मुलाला दिले असेल? सोपानदेव पुढे कवी झाले. त्या एका सकाळीमुळे झाले असे म्हणणे धाडसाचे ठरेल. पण त्या सकाळी ते वाचणारे होते तसेच ऐकणारेही झाले, आणि वही उघडून लिहिणारेही.

प्रत्येक आई बहिणाबाई नसते. नसावीच लागते असेही नाही. निरक्षर आईला मुलाच्या वाचनातली अक्षराची चूक कळणार नाही. पण वाक्याला अर्थ लागेनासा झाला की ते तिला लगेच कळते, कारण भाषा तिची आहे. ‘असं कसं होईल? परत वाच बघू,’ एवढे ती म्हणू शकते. ‘मग पुढं काय झालं?’ असे विचारू शकते. शाळेत मिळणाऱ्या मदतीहून ही मदत वेगळ्या प्रकारची आहे, आणि ती कमी प्रतीची नाही. शिकलेले पालक अनेकदा अक्षराच्या चुकीला अडवतात, दर दोन शब्दांनी थांबवून उच्चार सुधारतात, आणि गोष्टीचा धागा तोडतात. न शिकलेल्या आईच्या हातून ही चूक होत नाही.

५

एवढ्यावर थांबलो तर लेख गोड होईल, पण खोटाही होईल. कारण असेही घर आहे जेथे वाचणारीला कोणी ऐकत नाही, आणि वाचते हे कळले तर खपवूनही घेत नाही. बेबी कांबळे यांचे ‘जिणं आमुचं’ १९८६ साली पुस्तकरूपाने आले. त्या आणि त्यांचे यजमान किराणा दुकान चालवत. माल बांधायला आणलेल्या रद्दीतले कागद त्या दुकानात बसल्या बसल्या वाचत. पुढे लिहू लागल्या तेव्हा लिहिलेले कागद घरच्यांच्या नजरेला पडू नयेत म्हणून लपवून ठेवत. हे सुमारे वीस वर्षे चालले. पुड्या बांधायच्या कागदांवर वाचनाची भूक भागवणारी ही लेखिका मराठी आत्मकथनाच्या इतिहासात अग्रस्थानी आहे.

तिच्या उदाहरणावरून कोणी म्हणेल, पाहा, घराने साथ दिली नाही तरी वाचणारा वाचतोच. हा युक्तिवाद दुष्टपणाचा आहे. बेबीताईंनी वाचले ते घराला चुकवून, आणि त्याची किंमत वीस वर्षांच्या लपवाछपवीने मोजली. ज्यांना ती मोजता आली नाही, त्यांची पुस्तके आपल्या कपाटात नाहीत, म्हणून आपल्याला त्यांची मोजदादही करता येत नाही.

या गोष्टीतही ऐकणारे कोणीतरी शेवटी आलेच. फलटणला स्थायिक झालेल्या भाषाशास्त्रज्ञ डॉ. मॅक्सीन बर्नसन यांनी हे लेखन प्रसिद्ध व्हावे म्हणून बेबीताईंना उत्तेजन दिले. याच बर्नसनबाईंनी फलटणमध्ये प्रगत शिक्षण संस्था उभी केली आणि ज्यांच्या घरात वाचणारे कोणी नाही अशा मुलांच्या वाचन-लेखनासाठी आयुष्य वेचले. घर ऐकणारे नसेल तर ती जागा दुसऱ्या कोणाला तरी घ्यावी लागते. केळुसकरांनी चर्नी रोडच्या बागेत जे केले, ते फलटणला संस्थेच्या रूपाने झाले.

६

आता आजच्या घराकडे येऊ. ‘प्रथम’ संस्थेच्या पुढाकाराने २००५ पासून होणाऱ्या ‘असर’ पाहणीत स्वयंसेवक ग्रामीण घरांत जातात, मुलाजवळ बसतात, छापील उतारा त्याच्या हातात देतात आणि ते वाचताना ऐकतात. २०२२ सालच्या पाहणीत देशातल्या ग्रामीण भागातील पाचवीच्या मुलांपैकी दुसरीच्या पातळीचा उतारा वाचू शकणारी मुले ४२.८ टक्के होती. या आकड्यावर पुष्कळ चर्चा झाली. मला मात्र त्या पाहणीच्या पद्धतीत जास्त अर्थ दिसतो. कितीतरी मुलांच्या बाबतीत, आपल्या घरात आपले वाचन शांतपणे ऐकून घेणारे पहिले माणूस हा स्वयंसेवकच असेल, असे मला वाटते.

शहरातल्या सुस्थित मराठी घरात अडचण वेगळी आहे. तेथे पुस्तके आहेत, कपाट आहे. पण मूल इंग्रजी शाळेत जाते, इंग्रजी वाचते, आणि आजीला इंग्रजी येत नाही. आजी मराठी वाचते, आणि नातवाला देवनागरी जोडून जोडून वाचावी लागते. दोघेही वाचतात, पण एकमेकांचे ऐकू शकत नाहीत. वास्तविक देवनागरी या कामाला सोयीची आहे. लिहिलेले आणि उच्चारलेले यांत अंतर थोडे असते. बोलायला मराठी येणारे मूल काही महिन्यांच्या सरावाने वाचू लागते. त्याने रोज आजीला अर्धे पान वाचून दाखवायचे ठरवले, तर शाळेने न शिकवलेली मराठी घरात शिकून होईल. ते अर्धे पान कशाचेही असो. ‘किशोर’मधली गोष्ट असो, वर्तमानपत्रातली बातमी असो, लग्नपत्रिका असो की वीजबिलावरच्या सूचना. पोथी वाचणाऱ्या मुलाला आपण घराच्या उपयोगी पडतो हे ठाऊक होते. आजच्या मुलाला ते ठाऊक नसते, कारण त्याचे वाचन फक्त त्याच्या स्वतःच्या भल्यासाठी असते, असे आपणच त्याला सांगत आलो.

एका आक्षेपाला उत्तर द्यायला हवे. ऐकायला वेळ लागतो, आणि वेळ सगळ्यांपाशी सारखा नसतो. रामजी पेन्शनर होते. लक्ष्मीबाई डोंगऱ्यांना पहाटेची झोप मोडावी लागली. बारा तास काम करून, लोकलने लोंबकळत घरी येणाऱ्या आईला ‘मुलाचे वाचन ऐका’ असे सांगणे म्हणजे तिच्या डोक्यावर आणखी एक ओझे ठेवणे. म्हणून हे काम आईचेच आहे ही समजूत आधी सोडली पाहिजे. वर पाहिलेल्या घरांत वडील आहेत, बहिणी आहेत, शेजारीपाजारी आहेत. आणि म्हणूनच सार्वजनिक ग्रंथालयांकडेही बोट दाखवले पाहिजे. १९६७ च्या कायद्याने महाराष्ट्रात ग्रंथालयांचे जाळे उभे राहिले. तेथे मुलांना पुस्तक बदलून मिळते. आठवड्यातून एकदा तासभर बसून त्यांचे वाचन ऐकणारे माणूस मात्र क्वचितच मिळते. निवृत्तांच्या या राज्यात अशा माणसांचा तुटवडा आहे असे मला वाटत नाही.

ऐकण्याचे म्हणून काही नियम वरच्या घरांतून निघतात, आणि ते सोपे आहेत. वेळ ठरलेली असावी आणि थोडकी असावी. मध्ये तोडू नये. ‘काय शिकलास’ न विचारता ‘पुढे काय’ विचारावे. मुलाने वाचायला नकार दिला तर त्या दिवशी सोडून द्यावे. आणि वाचता वाचता त्याने आपल्याला अडचणीत टाकणारा प्रश्न विचारला, तर पहिल्यांदा आपण बहुधा रागावूच; रामजीही रागावले होते. पण मुलगा तोच प्रश्न घेऊन पुन्हा आला तेव्हा त्यांनी त्याला समोर बसवले आणि आपल्या मनात काय होते ते सांगितले. ते उत्तर मुलाला पुरेसे वाटले नाही. तरी अर्धशतकानंतर, आयुष्यातल्या अखेरच्या ग्रंथाची प्रस्तावना लिहिताना, त्याला ते आठवत होते.